घरची गोष्ट सांगावी की कामातली?

परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे गुन्ह्यात अडकलेल्या मुलांची चौकशी आणि देखरेख करणारा) नोकरीच्या मुलाखतीत "या क्षेत्रात का यावंसं वाटलं?" हा प्रश्न चुकत नाही. उत्तरं बहुधा दोन पठडीतली. एक घरची, म्हणजे "आमच्यातलाच एक पोरगा अडकला होता". दुसरं क्षेत्रकार्यातला (फील्डवर्कमधला) एखादा प्रसंग. वेगवेगळ्या पॅनेलपुढे मी दोन्ही देऊन बसलोय.

घरची गोष्ट पकड घेते, हे खरं. माझ्या मावसभावाला सतराव्या वर्षी मोटारसायकल चोरीत धरलं होतं. ते सांगायला लागलो तशा समोरच्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग आता काय करतो तो?" तिथे गाडी रुतली. मलाच धड ठाऊक नव्हतं, आमचं बोलणं कधीच तुटलंय. मग मावशी काय करते, काका पितात का, तुम्ही तेव्हा कुठे होतात... पंधरातली दहा मिनिटं त्यातच गेली. सामाजिक तपासणी अहवालावर, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा जो अहवाल या कामात लिहावा लागतो त्यावर, एक प्रश्न नाही. मुलाखत माझी नव्हे, त्याची झाली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या जुन्या नोंदी पुसून त्याला नवी सुरुवात द्यावी असं तत्त्व आहे, आणि मी स्वतःच्या नोकरीसाठी त्याचीच फाइल उघडून बसलो होतो. हे मला फार खटकलं.

कामातला प्रसंग ऐकायला कोरडा. मी सांगितलं ते एवढंच: गृहचौकशीला गेलो, कागदावर पत्ता "पाण्याच्या टाकीमागे". शेजारीण म्हणाली, "पोलीस का?" मी म्हटलं, "कॉलेजचा सर्व्हे आहे." पॅनेलवरच्या एका सरांनी लगेच धरलं, "खोटं बोललात?" हो म्हटलं, खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं असतं, आणि त्याच बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करू देत नाही. पुढे अहवालाची पंधरा दिवसांची मुदत निघाली, घराला दोनदा कुलूप दिसलं तर काय, हे निघालं. प्रश्न अवघड होते, पण उत्तरं माझ्याजवळची होती. या उत्तरातही एक खड्डा आहे. बोलण्याच्या ओघात वस्तीचं नाव ओठावर आलं होतं, कसंबसं गिळलं.

दोन्हींत "गुन्हेगार मुलांना सुधारायचंय" हे वाक्य नको. विधिसंघर्षग्रस्त बालक (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठीचा कायद्यातला शब्द) म्हणायची सवय आधीपासून लावून घ्या.

समुपदेशकाच्या जागेसाठी घरची गोष्ट कदाचित जास्त चालत असेल. आणि जो स्वतःच बालगृहात वाढलाय, त्याला मी काय शिकवणार? बाकीच्यांनी घरचंच सांगायचं ठरवलं तर दोन वाक्यांत आटपा, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा.