मेदेयीन की बोगोता : कोलंबियात बिऱ्हाड कुठे करावं?

कोलंबियात नोकरी मिळाली आहे, व्हिसाचं काम सुरू आहे, आता शहर कोणतं घेऊ? या वर्षभरात मला हा प्रश्न तिघांनी विचारला. तिघांसमोरही तेच दोन पर्याय होते, मेदेयीन आणि बोगोता. (नकाशावर आपण 'मेडेलिन' वाचतो, पण इथे तसं म्हटलं तर समोरचा माणूस दोनदा विचारतो.) मी मेदेयीनला चौदा महिने काढले आणि आता बोगोतात पाचवं वर्ष चालू आहे. मूळचा कोल्हापूरचा, काम दुचाकीच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीचं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका माणसाच्या अंगावरून गेलेलं आहे, सर्वेक्षण नव्हे.

दोन्हीकडे सारखं आहे ते आधी बाजूला काढतो. नोकरीसाठीचा एम वर्गाचा व्हिसा, आल्यावर पंधरा दिवसांच्या आत नोंदवायची सेदुला (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), भाड्याचं घर घेताना मागितला जाणारा फियादोर, म्हणजे स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेला जामीनदार. यातलं काहीच शहर बदलल्याने बदलत नाही. सावधगिरीही तीच. 'पपई देऊ नकोस' अशी इथे म्हण आहे, म्हणजे समोरच्याला आयती संधी देऊ नकोस. रस्त्यात मोबाइल हातात धरून चालू नका, एवढं पाळलं की बराचसा प्रश्न सुटतो.

मेदेयीनबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या दिवशी सिग्नलला थांबलो तर पुढे दहा-बारा दुचाकी, आणि त्यांतल्या निम्म्या बजाजच्या पल्सर आणि बॉक्सर. आकुर्डी-चाकणशी नातं सांगणारं नाव इतक्या लांब, डोंगरावरच्या वस्तीत कामाला जाणाऱ्या पोराच्या टाकीवर दिसलं, तेव्हा फार बरं वाटलं. शहराची हवाही तशीच मायेची. उंची साधारण १,५०० मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा जरा कमी. वर्षभर सरासरी २२ अंश. पंखा नाही, एसी नाही, स्वेटर नाही. आणि मेट्रो! १९९५ पासून चालू असलेली, कोलंबियातली आजवरची एकमेव. इतक्या वर्षांनंतरही डबे लख्ख, बाकांवर कोणी नाव कोरलेलं नाही. २००४ पासून तिला केबल कार जोडल्या आहेत. डोंगरावरच्या वस्तीतली आजीबाई भाजीची पिशवी घेऊन त्यातून घरी जाते. बोगोतात केबल कार आहे, पण मेट्रो नाही. तिथली पहिली मेट्रो अजून बांधली जातेय आणि तोवर ट्रान्समिलेनिओच्या लाल बसमध्ये उभं राहायचं. सकाळी साडेसातला त्या बसमध्ये शिरणं म्हणजे विरारची गाडी ज्यांनी पकडली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मी मेदेयीन का सोडलं? आवाजामुळे.

लोकांना हे कारण किरकोळ वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं घर लौरेलेस भागात चौथ्या मजल्यावर होतं, 'ला सेतेंता' या खाण्यापिण्याच्या रस्त्यापासून चार गल्ल्या लांब. शुक्रवारी दुपारपासून कुठेतरी एक भोंगा सुरू व्हायचा. मग त्याला उत्तर द्यायला दुसरा. रात्री अकरापर्यंत वायेनातो, रेगेतोन आणि दारूच्या दुःखाची गाणी अशी तीन प्रकारची गाणी तीन दिशांनी माझ्या स्वयंपाकघरात एकत्र यायची. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती ज्यांनी छातीवर झेलल्या आहेत त्यांना तो हादरा कळेल. फरक एवढाच की तिथे तो दरवर्षी ठरलेल्या दिवशी असतो, इथे दर आठवड्याला. ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री तर 'आल्बोरादा' असते: डिसेंबर लागला म्हणून सगळ्या खोऱ्यात एकदम फटाके.

यात भूगोलाचाही हात आहे, असं मला वाटतं. मेदेयीन ज्यात वसलंय ते आबुर्रा खोरं म्हणजे दोन्ही बाजूंनी डोंगर चढत गेलेली लांबट परात. खाली वाजलं की वर ऐकू येतं. आणि मेदेयीनचं सगळ्यात मोठं सुखच इथे आड येतं. हवा इतकी चांगली की खिडकी बंद करायची वेळच येत नाही, मग घरंही तशीच बांधलेली. माझ्या घरात कपडे वाळत घालायच्या जागेला काच नव्हतीच, विटांची जाळी होती. वारा छान यायचा, आणि वाऱ्याबरोबर सगळं यायचं.

एकदा शेजाऱ्यांना विनंती करायला गेलो. त्यांनी दार उघडलं, हाताला धरून आत बसवलं, आग्वार्दियेंते या इथल्या दारूचा छोटा पेला पुढे केला, आईची ओळख करून दिली. अर्ध्या तासाने मी परत आलो तेव्हा आवाज कमी झाला नव्हता, पण तक्रार करायचं तोंड मात्र उरलं नव्हतं. माणसं खरंच इतकी चांगली होती.

नुसत्या झोपेचा प्रश्न असता तर कापसाचे बोळे घालून भागवलं असतं. पण भारत कोलंबियाच्या साडेदहा तास पुढे आहे. चाकणला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे अकरा. आठवड्यातून तीन वेळा तरी तिकडच्या लोकांशी माझं कामाचं महत्त्वाचं बोलणं त्याच वेळी व्हायचं. अशाच एका रात्री पलीकडून सांगितलं गेलं, क्लचप्लेटचा लॉट एकोणसाठ अडवा. मी लिहून घेतलं, एकोणसत्तर. चांगला माल गोदामात अडून राहिला आणि सदोष माल दुकानांपर्यंत गेला. तो परत गोळा करायला अकरा दिवस लागले. चूक माझीच होती, ई-मेलवर खातरजमा करायला हवी होती. पण त्या अकरा दिवसांत मी घर बदलायचं नव्हे, शहरच बदलायचं ठरवलं.

२०२५ मध्ये देशात आवाजाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे हा त्रास माझ्या एकट्याचा नव्हता. त्याने पुढे फरक पडेलही. मेदेयीनला लागून असलेल्या एनविगादोत किंवा डोंगराच्या कडेच्या वसाहतीत राहणारे माझे मित्र म्हणतात की त्यांच्याकडे शांतता आहे. असेल. माझ्या नशिबी ती आली नाही.

आता बोगोता. उंची २,६४० मीटर, कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक किलोमीटर रचा. सरासरी १४ अंश, वरून कधीही पाऊस, आणि घरात हीटर सहसा नसतोच. धुतलेली जीन्स चौथ्या दिवशी हाताला गार लागते. पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा उकळताना दिसतो पण रंग धरायला वेळ घेतो. तूरडाळीला कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. पहिले सहा महिने मला हे शहर आवडलं नव्हतं, हे कबूल करतो. पण खिडक्या बंद असतात. रात्री अकराला मी टेबलापाशी बसतो आणि पलीकडच्या माणसाच्या मागे चाललेलं यंत्र कोणतं, तेसुद्धा मला ओळखता येतं. बोगोतात गोंगाट नाही असं नाही. चापिनेरोच्या काही गल्ल्या मेदेयीनला हार जाणार नाहीत. पण थंडीने निदान काचा तरी नीट बसवायला लावल्या आहेत.

थंडीवर इथल्या लोकांचा उपाय म्हणजे खाली उतरणं. 'उष्ण जमिनीकडे जातो' असं म्हणतात. कोलंबियात १९८३ च्या कायद्याने बऱ्याचशा सुट्ट्या सोमवारला जोडल्या आहेत, त्यामुळे तीन दिवसांची सवड वारंवार मिळते. असाच एकदा व्हियेताला गेलो, बोगोतापासून साधारण ९० किलोमीटरवर. गाडीतून उतरलो आणि वास आला. गुऱ्हाळ! इथे त्याला त्रापिचे म्हणतात आणि गुळाला पानेला. एका लांब भट्टीवर ओळीने कढया मांडलेल्या, रस एकीतून दुसरीत ओततात, आणि चुलीत आपल्यासारखीच चिपाडं. आपल्याकडे रस स्वच्छ करायला रानभेंडी घालतात ना, तसा तिथला माणूस गुआसिमो झाडाच्या सालीचा चिकट रस घालत होता. मळी वर आली, त्याने ती झाऱ्याने ओढून घेतली, अगदी करवीर तालुक्यातल्या माणसाच्या हाताने ओढावी तशी. गूळ करण्यात जगात भारत पहिला आणि कोलंबिया दुसरा, हे मला त्या दिवशी नाकाने पटलं. गुऱ्हाळं मेदेयीनच्या बाजूलाही आहेत, तेव्हा हा गुण एकट्या बोगोताच्या खात्यात टाकत नाही. फक्त परतताना सोमवारी दुपारी बाराच्या आत निघा, नाहीतर संध्याकाळ घाटातल्या गर्दीत जाते.

भाषेत मात्र बोगोता सोपं. शब्द सुटे, सावकाश, आणि मित्रालाही 'उस्तेद', म्हणजे अहो-जाहो. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना अहो म्हणताना ऐकलं आणि घरी असल्यासारखं वाटलं. मेदेयीनची स्पॅनिश गोड, हेल काढलेली, 'वोस' म्हणून सलगी करणारी. पण शिकणाऱ्याला ती पकडायला वेळ लागतो. मेदेयीनमध्ये पहिल्या दिवशी मिठी मिळते. पण बरीचशी मैत्री शाळेपासूनची आणि नात्यागोत्यातली, तिच्या आतल्या खोलीत मी चौदा महिन्यांत पोचलो नाही. बोगोतात सुरुवातीला कोणी विचारत नाही. मात्र माझ्या विभागातले निम्मे लोक बाहेरगावाहून आलेले, रविवारी जेवायला एकटे. आमची ओळख तिथूनच झाली.

नोकरीच्या बाजूने एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्या. इथला नोकरीचा व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की दुसरी लवकर शोधून नवा व्हिसा करावा लागतो, आणि कायम वास्तव्याच्या आर व्हिसासाठी पाच वर्षं सलग धरून ठेवावी लागतात. म्हणून पहिली नोकरी कुठे मिळते यापेक्षा दुसरी कुठे मिळेल हे बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं बोगोतात आहेत, भारताचा दूतावासही तिथेच. पासपोर्टचं काम निघालं की मला अर्धी रजा पुरते. मेदेयीनहून विमानाचं तिकीट काढावं लागायचं. अपवाद माझ्याच धंद्याचा: दुचाकी जोडणीत मेदेयीनचं खोरं भक्कम आहे, यामाहाचा कारखाना तिथेच हिरार्दोताला आहे. तुम्ही त्या कामात असाल आणि रात्री भारताशी बोलायचं नसेल, तर माझा आवाजाचा मुद्दा बराच हलका होतो.

आणि आईवडील. माझे आई-बाबा आले तेव्हा पहिले तीन दिवस बाबांना बोगोतात जिना चढताना धाप लागत होती. त्यांना आम्ही शेवटी आठवडाभर मेदेयीनला नेलं, तिथे ते रोज सकाळी दोन किलोमीटर चालले. घरात कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल आणि ते तुमच्याकडे येऊन राहणार असतील, तर डॉक्टरांना विचारा आणि मेदेयीनचा विचार मनापासून करा.

बाकीच्यांना मी, विचारलंच तर, बोगोता सांगतो. तिथे घर बघाल तेव्हा सकाळी जा आणि कपडे वाळत घालायच्या जागेत ऊन येतं का ते पाहा. माझ्या पहिल्या घरात येत नव्हतं. मेदेयीनचंच मन असेल तर घर दिवसा आवडलं तरी सही करू नका. शुक्रवारी रात्री अकराला परत जा, घरमालकाला सांगा की पाच मिनिटं बाल्कनीत उभं राहायचं आहे, आणि तिथूनच कोल्हापूरला किंवा जिथे तुमचं माणूस असेल तिथे फोन लावून त्याला एक ते शंभर आकडे म्हणायला लावा.