सीलबंद ‘विक्रांत’ : स्केल मॉडेलची किटं विकत घेणाऱ्यांसाठी

दुर्मीळ किट (सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती बनवायचा संच) विकणारा माणूस तुम्हाला “सील फोडू नका, फोडलं की किंमत उतरते” असं सांगत असेल, तर पार्सल हातात पडल्याबरोबर ते सील फोडा. मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून फोडा. या एका वाक्याच्या आड माझे 18,500 रुपये गेले आहेत, आणि तोच माणूस नाव बदलून अजून विकतो आहे असा माझा अंदाज आहे.

खोक्यात वीट निघाली, साबणाची वडी निघाली, हे प्रकार सगळ्यांनी ऐकलेत आणि ते लगेच कळतात. हा प्रकार वेगळा आहे. खोका जड, छपाई चकचकीत, हलवून पाहिलं तर आत व्यवस्थित भरल्यासारखा आवाज. बोगस बियाण्यासारखंच: थैली नामी कंपनीची, आत काय आहे ते उगवायच्या वेळी कळणार. या विकणाऱ्याला आपल्या छंदातल्या लोकांची एक सवय पक्की ठाऊक आहे. आपण किट घेतो, कपाटात ठेवतो आणि सवड मिळेल तेव्हा बांधायला काढतो. ती सवड येईपर्यंत त्याचं खातंही रिकामं आणि नंबरही बंद.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात. दिवाळीनंतर हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की कमी व्होल्टेजनं मोटारी जळायला लागतात आणि होळीपर्यंत जेवायला फुरसत नसते. मॉडेल हे उन्हाळ्याचं काम. दुकानातलं सामानच कामी येतं: कंप्रेसर आहे म्हणून एअरब्रश चालतो, भिंग आहे, चिमटे आहेत. वाइंडिंगची सगळ्यात बारीक तांब्याची तार जहाजाच्या डेकवर (विमानं उतरतात तो वरचा मजला) अरेस्टर वायर, म्हणजे उतरणारं विमान अडवायची तार, म्हणून ताणून लावली की विकतच्या पितळी तुकड्यांपेक्षा सरस दिसते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. फळीवर आपल्या नौदलाच्या ‘विराट’ या विमानवाहू जहाजाची प्रतिकृती उभी आहे, आणि मोटार टाकायला आलेला प्रत्येक जण “हे काय होय भाऊ?” असं विचारल्याशिवाय जात नाही.

विकणारा स्वतःला संग्राहक म्हणवत होता. मोठ्या शहरातला, ‘दादा’शिवाय बोलणं नाही. बदली झाली, घर लहान, संग्रह मोडतोय, असं सगळं. त्यानं देऊ केलं ते नौदलाच्या जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाचं 1/350 मापाचं (खऱ्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढं) किट: 1971 च्या रूपातलं, सी हॉक आणि आलिझे विमानांसह, साच्यातलं प्लास्टिक. ‘एंटरप्राइझ’ किंवा ‘निमिट्झ’ ही अमेरिकन विमानवाहू जहाजं या मापात पैसे टाकले की मिळतात. आपली जुनी विक्रांत शोधत फिरावी लागते. त्यात परदेशातून मागवायचं म्हटलं की कस्टम. स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि त्यावरचं मूळ आयात शुल्क 2020 च्या बजेटमध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. त्यामुळे “आधीच भारतात आलेलं आहे दादा, कस्टमची झंझट नाही” हे त्याचं बोलणं आपल्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवणारं होतं. फोटो मात्र सगळे बंद खोक्याचे. आतले भाग दाखव म्हटलं तर उत्तर ठरलेलं: सील तुटेल.

पार्सल दिवाळीच्या सुमारास तालुक्याला आलं (कुरिअरवाले गावात येत नाहीत, फोन करून बोलावतात), आणि होळी झाल्यावर एका दुपारी मी ते उघडलं.

पहिली शंका वासानं आली. रेझिन आणि हार्डनर आमच्या धंद्यात रोजचं, तो वास मला लपत नाही. हल, म्हणजे जहाजाचं धड, प्लास्टिकचा नव्हताच, ओतीव रेझिनचा होता. तरी खात्रीसाठी एका कोपऱ्यावर मॉडेलवाला सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) लावून पाहिला. तो प्लास्टिक विरघळवून जोड धरतो; इथे नुसता वाळून गेला. मग पट्टी घेतली. जुन्या विक्रांतची लांबी 700 फूट, म्हणजे 1/350 मापात बरोबर 2 फूट. हा हल पाऊण सेंटीमीटर कमी भरला. खऱ्या मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन ओतलं की असं होतं, कारण रेझिन घट्ट होताना किंचित आक्रसतं. नाकापाशी हवेच्या बुडबुड्यांची भोकं होती, आणि काही भोकं पुटी भरून वरून रंग मारून बुजवलेली. ही कुणाच्या तरी मेहनतीच्या मूळ मॉडेलची चोरटी नक्कल. शिवाय रेझिनची भुकटी फुप्फुसाला वाईट. ते पाणी लावून आणि मास्क बांधूनच घासायचं असतं. प्लास्टिक म्हणून रेझिन विकणारा तुमच्या पैशासोबत तुमच्या छातीशीही खेळतो.

डेकनं तर हसूच आणलं. पुढचं टोक वर उचललेलं, म्हणजे स्की-जंप. विक्रांतला ती 1980 च्या दशकाच्या शेवटी, सी हॅरियर या नव्या जेट विमानांसाठी बसवली. 1971 च्या डिसेंबरात चितगाव आणि कॉक्स बझारवर ज्या सी हॉक विमानांनी हल्ले केले, ती सपाट डेकवरून वाफेच्या कॅटापल्टनं (विमान पुढे फेकणारं यंत्र) उडत होती, आणि स्की-जंप येण्याआधीच निवृत्त झाली होती. दोन्ही गोष्टी एका डेकवर कधी आल्याच नाहीत.

विमानांची पिशवी शेवटी उघडली. सी हॉकचे पंख सरळ असतात, आणि जेटचा झोत शेपटीतून निघत नाही; पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना त्याची तोंडं असतात. आलिझेच्या नाकाला प्रोपेलर आणि पोटाखाली रडारचा घुमट. माझ्या पिशवीतली सगळी विमानं मागे वळलेल्या पंखांची, शेपटीत भोक असलेली, कुठल्या तरी अमेरिकन सेटमधून उरलेली. डिकलच्या (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या) कागदावर सी हॉक उडवणाऱ्या नौदलाच्या 300 स्क्वाड्रनचा पांढरा वाघ असायला हवा होता. होते अमेरिकन तारे, तेही पिवळे पडलेले.

आणि ते सील? साधी श्रिंक फिल्म. तारेच्या जोडावर स्लीव्ह बसवायची हीट गन माझ्याकडे आहेच. तिनं दुकानातल्या पोरानं बिलबुक तसंच्या तसं सीलबंद करून दिलं. कितीतरी कंपन्या खोक्याला फिल्म लावतच नाहीत, आतल्या फ्रेमा (सुटे भाग ज्यांना चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) पिशवीत असतात.

त्याला फोटो पाठवले. भांडण नाही, उलट माफीच माफी. “रिफंड करतो दादा, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” हा दुसरा फासा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. मी टाकला नाही, तेव्हा दादा संपले आणि नंबर ब्लॉक झाला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकली. फोनवरच्या बाईंनी आधी विचारलं ते व्यवहार कधीचा. पैसे पुढच्या खात्यात वळवायच्या आत कळवलं तर ते रोखता येतात, महिने उलटल्यावर तपासच उरतो. म्हणजे विकणाऱ्यानं सीलचा जो आग्रह धरला होता त्याची किंमत मला इथे समजली. ठाण्यात अर्ज द्यायला गेलो तर जमादार म्हणाले, “एवढ्या पैशाचं खेळणं? लहान पोरासाठी होतं काय?” माझ्यासाठीच होतं म्हटल्यावर त्यांनी मान वर करून नीट पाहिलं. त्यांच्या अर्जात आधी ‘जहाज खरेदीत फसवणूक’ असं उतरलं होतं, ते खोडून ‘जहाजाची प्रतिकृती’ करून घ्यावं लागलं. माणूस मात्र चांगला होता, ट्रान्झॅक्शनचा नंबर आणि स्क्रीनशॉट त्यांनी स्वतः मागून घेतले.

आता घेताना मी काय करतो ते सांगतो. विकणाऱ्याला म्हणतो, खोका उघड, फ्रेमा पसर आणि शेजारी माझं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठव. खरा संग्राहक दहा मिनिटांत पाठवतो, त्याला उलट दाखवायची हौस असते. माहितीपत्रकात सगळ्या फ्रेमांचा नकाशा असतो, त्यावरून फ्रेमा मोजून घेतो. जहाजाची खरी लांबी भागिले माप, हे गणित आधीच करून ठेवतो आणि हलवर पट्टी लावायला सांगतो. खात्यावरचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगळं निघालं तर तिथेच थांबतो. माझ्या वेळी ते “वहिनीचं खातं” होतं.

पार्सलवरचं लेबल फेकू नका. माझ्या लेबलवरचा पिनकोड त्यानं सांगितलेल्या शहराचा नव्हता, दुसऱ्याच राज्यातला होता, आणि तपासाला आजवर उपयोगी पडलेली तेवढीच एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास कुणी ‘संग्रह मोडणाऱ्या’ माणसाकडून सीलबंद विक्रांत घेतली असेल, तर आज उघडा, हलवर पट्टी लावा, आणि दोन फुटांना कमी भरली तर तक्रारीत लेबलाचा फोटो जोडा.