टॅलीप्राइममधला स्टॉक : एका स्टोअरकीपरचं मत

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपचं स्टोअर मी सांभाळते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुतेकांना जीएसटी आणि बॅलन्सशीटपुरतं ठाऊक असतं. मला त्यातला स्टॉकचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

सगळ्यात उपयोगी म्हणजे गोडाऊन, म्हणजे माल कुठे आहे ते दाखवणारी टॅलीतली जागा. प्लेटिंगला (धातूचा मुलामा चढवायला) बाहेर दिलेला माल आम्ही प्लेटरच्या नावाच्या गोडाऊनमध्ये ‘मटेरियल आउट’ या नोंदीने टाकतो. माल आमचा, जागा त्याची, हे लगेच दिसतं. पूर्वी हाच माल रॅकवर शोधण्यात सकाळ जायची.

मोजणीसाठी ‘फिजिकल स्टॉक’ व्हाउचर, म्हणजे नोंदीचा फॉर्म, आहे. मोजलेला आकडा भरला की पुस्तकी शिल्लक तीच होते. हा अधिकार मात्र एकाच्याच हातात ठेवा. नाहीतर फरक का पडला हे न शोधताच आकडा जुळवला जातो आणि चुकीचं युनिट, न नोंदलेलं रिजेक्शन, चोरी, सगळं त्याखाली दडतं. कार्बाइड इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोकं) आम्ही दर आठवड्याला मोजतो, नट-बोल्ट वर्षातून दोनदा. निगेटिव्ह स्टॉकचा, म्हणजे शिल्लक शून्याखाली गेल्याचा, इशारा आला तर थांबा. बहुधा आवकेची नोंद राहिलेली असते.

हजारो वस्तूंच्या मोठ्या गोदामाला स्कॅनरवर चालणारी वेगळी व्यवस्था बघावी लागेल. वीस-तीस माणसांच्या कारखान्याला हे पुरतं.