इसब, त्वक्शोथ की एक्झिमा? रुग्णांसाठी लिहिताना शब्द कोणता घ्यायचा

दवाखान्याच्या भिंतीवर लावायचं एक पत्रक मराठीत करून द्या, असं काम पहिल्यांदा आलं तेव्हा मी उत्साहानं परिभाषा कोश उघडला, 'डर्मटायटिस'च्या जागी 'त्वक्शोथ' लिहिलं आणि मोकळी झाले. पत्रक छापलं, भिंतीवर लागलं. महिनाभरानं तिथल्या सिस्टरना विचारलं, लोक वाचतात का? त्या म्हणाल्या, "वाचतात ना ताई. हा नवीन रोग कुठून आला म्हणून विचारतात."

त्या वाचणाऱ्यांमध्ये निम्म्यांना तरी तोच रोग, म्हणजे आपलं इसब, झालेलं असणार.

तेव्हापासून त्वचारोगांवर काही लिहायचं झालं की माझ्यासमोर शब्दांचे तीन ढीग असतात. एक घरचा: खरूज, गजकर्ण, नायटा, इसब, कोड, नागीण, शिबं, वांग, चामखीळ, केस्तूड, काखमांजरी, चिखल्या. दुसरा पोथीतला. त्यात आयुर्वेदाचे जुने शब्द आहेत, दद्रु, पामा, विचर्चिका, किटिभ, श्वित्र असे, आणि सरकारी कोशांसाठी घडवलेले नवेही. तिसरा डॉक्टरांच्या तोंडचा: टीनिया, स्केबीज, एक्झिमा, सोरायसिस, अर्टिकेरिया. आरोग्य शिबिराचा फलक, ॲपमधला संदेश किंवा औषधासोबतची चिठ्ठी मराठीत लिहायला बसलेल्या माणसाला यातला एक ढीग निवडावासा वाटतो. माझं मत आधीच सांगते: एकाच ढिगावर भागत नाही. रोगागणिक ठरवावं लागतं, आणि ठरवताना विचारायचं एवढंच की हा शब्द वाचून माणूस चुकीचं काही करून बसेल का?

इंग्रजी शब्द जास्त शास्त्रीय असतात का?

मुळात नाहीत. 'एक्झिमा' हा ग्रीकमधला 'उकळून वर येणं' या अर्थाचा शब्द. 'सोरायसिस'मधला 'सोरा' म्हणजे नुसती खाज. 'टीनिया' म्हणजे लॅटिनमध्ये किडा, कपड्यांना लागते ती कसर. सामान्य इंग्रजीत त्याच रोगाला 'रिंगवर्म' म्हणतात, आणि त्या रोगात किडा कुठेच नसतो, असते ती बुरशी. आपला 'गजकर्ण' निदान किड्याचा खोटा आळ तरी घेत नाही. हत्तीच्या कानासारखा पसरत जाणारा, कडेला उठावदार चट्टा, एवढंच तो दाखवतो.

इंग्रजी नावांची खरी ताकद वेगळी आहे. त्या प्रत्येकाला आज एक ठरलेली व्याख्या चिकटलेली आहे. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी 1798 पासून त्वचारोगांची मांडणी दिसण्यावरून करायला घेतली: सपाट डाग, पुरळ, पाण्याचे फोड, पूचे फोड, खवले. पण सोरायसिसच्या एका प्रकाराला त्यांनीही 'लेप्रा' म्हटलं होतं, म्हणजे कुष्ठरोगाशी घोळ होताच. तो पुढे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी निस्तरला. आपल्याकडे हे निस्तरण्याचं काम अजून अर्धवट आहे, आणि पोथीतले शब्द सरळ उचलायला मी कचरते ते त्यामुळे. 'विचर्चिका' एका पुस्तकात एक्झिमा असते, दुसऱ्यात सोरायसिस.

नव्या घडवलेल्या शब्दांचा मात्र एक गुण मान्य करायला हवा: ते एकमेकांना धरून असतात. शोथ म्हणजे दाह-सूज हे एकदा कळलं की त्वक्शोथ, यकृतशोथ, संधिशोथ आपोआप उलगडतात. वर्गात शिकवायला, पाठ्यपुस्तकात, कोशात ते हवेतच. 'बाह्यत्वचा' आणि 'अंतस्त्वचा' शाळेच्या पुस्तकातून आले म्हणून रुळले. (सुश्रुतानं त्वचेचे सात थर सांगितले, चरकानं सहा. थर मोजायची हौस आपल्याला जुनीच.) रुग्णासाठी लिहिताना मात्र या ढिगातून मी क्वचितच काही घेते.

घरचा शब्द जिथे सरस ठरतो

खरूज विरुद्ध स्केबीज यात मला कधीच प्रश्न पडत नाही. खरूज म्हटलं की बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला रात्री सुटणारी खाज डोळ्यांसमोर येते. एकाला झाली की घरभर होते हेही त्या शब्दातच आहे, आणि उपचारासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्वचेत बीळ करणारा सूक्ष्म किडा मारायला सहसा पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन मानेखाली सर्वांगाला लावतात, तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, खाज असो वा नसो. 'स्केबीज' लिहिलं की ते त्या एकाचं दुखणं वाटतं आणि बाकीचे मलम लावत नाहीत. तोटा एक: खरूज म्हटलं की 'अस्वच्छ घर' असा शेरा येतो. अंघोळ करणाऱ्यालाही ती होते, हे वाक्य पत्रकात घालायचंच.

गजकर्णाचंही तसंच, फक्त 'नायटा' जपून वापरावा. काही भागांत नायटा म्हणजे गजकर्णच, काही ठिकाणी जुनाट इसबालाही तेच म्हणतात. या दोघांचा घोळ महागात पडतो. इसबाला डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात, आणि तेच मलम गजकर्णावर चोळलं की दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी चौपट पसरते आणि तिचं कडेचं कडंही नाहीसं होतं, इतकं की डॉक्टरलाही ओळखू येत नाही. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरी दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की काय हातात पडतं ते आपण जाणतो. भरीस भर म्हणून टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी एक बुरशी पसरली आहे. 2020 मध्ये तिला नाव मिळालं 'ट्रायकोफायटन इंडोटिनी', म्हणजे नावातच आपला देश.

चिखल्यांबद्दल तर काय लिहावं! पावसाळ्यात भातखाचरात उभं राहून बोटांच्या बेचक्यात पांढरी पडून सोललेली कातडी, हे सगळं एका शब्दात. 'टीनिया पेडिस' लिहिणाऱ्यानं एकदा भातलावणीला जाऊन यावं.

नागीण हा शब्द मला सगळ्यात आवडतो. तिचं डॉक्टरी नाव हर्पीस हा ग्रीक शब्द 'सरपटणं' या क्रियापदावरून आलेला, आणि ते क्रियापद आपल्या 'सर्प' शब्दाचं सख्खं भावंड आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच पुरळात एकच प्राणी पाहिला! शिवाय 'हर्पीस' एवढंच लिहिलं तर माणूस मोबाइलवर शोधतो आणि त्याला गुप्तरोगाची पानं दिसतात. साठीतल्या आजोबांना घरात तोंड दाखवायची चोरी होते. त्यांच्या अंगात लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू दबून बसलेला होता, तो जागा झाला, एवढीच गोष्ट. पण नागिणीच्या शेपटीला एक भाकडकथाही बांधलेली आहे: तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. हा विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेनं येतो, त्यामुळे पुरळ बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबतं. जुळणार कुठून? लोक मात्र गेरू लावून घेण्यात चार दिवस घालवतात आणि विषाणूविरोधी गोळ्यांचा जास्तीत जास्त उपयोग पहिल्या 72 तासांत असतो. म्हणून मी 'नागीण' लिहिते आणि लगेच पुढच्या ओळीत 'तीन दिवसांच्या आत'.

घरचा शब्द जिथे फसवतो

पहिला आरोपी पित्त. "मला पित्त झालंय" म्हणणाऱ्या बाईंच्या घशाशी आंबट येत असेल किंवा अंगावर गांध्या उठल्या असतील. फोनवरून सल्ला देणाऱ्यानं विचारलं नाही तर ॲसिडिटीची गोळी जाते. 'अर्टिकेरिया' कोणी म्हणत नाही, 'शीतपित्त' वैद्यांकडे चालतं. मी 'अंगावर पित्त उठणे' असं पूर्ण लिहिते, 'गांध्या' हा शब्द सोबत देते. आमसुलाचं पाणी लावून बरं वाटत असेल तर त्याला माझी हरकत नाही. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर आमसूल शोधत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं.

दुसरं प्रकरण नाजूक आहे. संस्कृत 'कुष्ठ' हा पूर्वी एका रोगाचा शब्दच नव्हता. आयुर्वेदात सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं अशी अठरा मोजली आहेत, त्यात गजकर्णासारखा दद्रुही येतो. त्याच कुष्ठापासून हिंदीत 'कोढ़' झाला, म्हणजे कुष्ठरोग. मराठीत 'कोड' झाला, म्हणजे पांढरे डाग. शब्द एक, रोग दोन. हिंदी-मराठी मिसळलेल्या भागात, नागपूर-भंडाऱ्याकडे किंवा इंदूरच्या मराठी घरांत, यातून काय अनर्थ होतो ते सांगायला नको. त्यात 'श्वेतकुष्ठ' हा भारदस्त शब्द म्हणजे आगीत तेल. कोड लागट नाही. त्यात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, बाकी काही नाही. पण नावात कुष्ठ आलं की मुलीचं लग्न अडलंच.

इथे पर्याय तीन. 'पांढरे डाग' सौम्य आहे, पण ढोबळ. शिबं पांढरंच दिसतं, लहान मुलांच्या गालावरचे फिके चट्टे पांढरेच दिसतात. 'व्हिटिलिगो' अचूक, पण जिभेवर बसत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी संस्था काढली तिचं नाव 'श्वेता'. छान नाव, पण ते रोगाचं नाव होऊ शकत नाही. मी 'कोड' ठेवते, पहिल्याच ओळीत 'याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही' लिहिते आणि 'श्वेतकुष्ठ' संपादकानं सुचवला तरी खोडते.

कुष्ठरोगासाठी 'महारोग' आणि 'रक्तपिती' हे दोन्ही शब्द बाद. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला 1949 मध्ये उभी केलेली संस्था 'महारोगी सेवा समिती' आहे. तो इतिहास आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. पण आज सहा किंवा बारा महिन्यांच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांनी बरा होणारा रोग 'महा' कशानं? 'हॅन्सनचा आजार' हे नाव काहींना आवडतं. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये जंतू शोधला, मान्य, पण गावात ते कोण ओळखणार? 'कुष्ठरोग' ठेवावा, माणसाला 'कुष्ठरोगी' न म्हणता 'कुष्ठरोग झालेली व्यक्ती' म्हणावं. आणि नावाहून उपयोगी पडतो तो आशाताईंच्या तोंडचा 'बधिर चट्टा'. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, पण तिथे टोचलेलं कळतं. दोन शब्दांत निदानाची अर्धी वाट झाली.

आणि इंग्रजी जिथे फसवतं

'ॲलर्जी' आणि 'इन्फेक्शन' हे आता मराठीच शब्द झालेत, आणि पूर्वी 'रक्त खराब आहे' किंवा 'उष्णता बाहेर पडली' जे काम करायचे तेच करतात. काहीही सांगत नाहीत आणि सगळं समजावून टाकतात. "ॲलर्जी आहे" म्हणत सहा महिने खरूज पोसणारी घरं मी पाहिली आहेत. पत्रकात हे दोन शब्द नुसते वापरू नयेत. कशाची ॲलर्जी, कशाचं इन्फेक्शन, ते लिहावं, नाहीतर शब्दच गाळावा.

डाग, पुरळ, फोड

रोगाच्या नावापेक्षा वर्णन अवघड. डॉक्टरी भाषेत सपाट डाग, उंचवटा, पाण्याचा लहान फोड आणि मोठा फोड यांना वेगवेगळी नावं आहेत. लहान-मोठ्यातली सीमा साधारण अर्ध्या सेंटिमीटरची, काही ग्रंथांत एकाची. मराठीत सगळं 'पुरळ' या पोत्यात कोंबलं जातं. खरं तर कोंबायची गरज नाही. डाग, चट्टा, पुटकुळी, फोड, गांधी, गाठ हे शब्द आपल्याकडे आहेत, फक्त ते शिस्तीनं वापरावे लागतात: हाताला न लागणारा तो डाग, पाणी धरलेला तो फोड. मापासाठी मी तीळ, मूग, रुपयाचं नाणं असं लिहिते. उलट खाजेच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. खाज, कंड, चुणचुण, आग, ठणक हे वेगवेगळे अनुभव आहेत आणि रुग्ण ते बिनचूक सांगतो. लिहिणाऱ्यानंच त्यांचं सरसकट 'खाज' करू नये.

'लाल' या शब्दाचंही बघा. मूळ इंग्रजी मजकूर गोऱ्या कातडीला समोर ठेवून लिहिलेला असतो. सावळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट, तपकिरी, काळवंडलेला दिसतो. 'त्वचा लाल होते' असं भाषांतर करून ठेवलं की वाचणारी म्हणते, माझी तर लाल नाही, म्हणजे मला हे नाही.

सोरायसिसला मराठी शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. सोरायसिसच लिहा.

माझं ते पहिलं पत्रक पुढे बदललं. आता त्यावर 'इसब, म्हणजेच एक्झिमा' असं मोठ्या अक्षरात आहे, खाली 'हे एकापासून दुसऱ्याला होत नाही'. सिस्टरना पुन्हा विचारलं, आता कसं? "आता कळतं," त्या म्हणाल्या, "फक्त एक काका विचारत होते, इसबगोल रोज किती चमचे घ्यायचं?" इसबगोल हा फारसीतला 'घोड्याचा कान', त्याचा आपल्या इसबाशी काही संबंध नाही. पण हे त्या काकांना कोण सांगणार? पुढच्या छपाईत तळाला एक ओळ वाढवली आहे.