रिपोर्टमध्ये गहू हिरवा होता

आकडा आधीच सांगून टाकतो. ३८,१५० रुपये. शिबिराची नोंदणी ५००, कुठलं अन्न सोसत नाही ते सांगणारी म्हणवणारी 'फूड इन्टॉलरन्स' टेस्ट १८,५००, शिबिरातल्या मॅडमचा सल्ला १,५००, पोट दुरुस्त करणारी पावडर दरमहा २,८०० प्रमाणे तीन महिन्यांची ८,४००, आणि अकलेचं दिवाळं पुरतं निघावं म्हणून तीच टेस्ट पुन्हा एकदा, 'फक्त तुमच्यासाठी' अर्ध्या किमतीत, ९,२५०. मी बावीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरवर बसतोय. ओटीपी सांगून बसलेल्या माणसांना 'अहो काका, एवढं कळू नये का?' असं विचारणारा मीच. म्हणून हे लिहायला सहा महिने गेले.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. सातव्या वर्षी तिची उंची अडली होती, पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या, हिमोग्लोबिन ७.९. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, माझ्या आईनं दृष्टही काढली. शेवटी मिरजेच्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी केली, दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, सिलिॲक, म्हणजे गव्हा-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. गहू, रवा, मैदा, बार्ली जन्मभर बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध. आमच्या सांगलीकडे ज्वारीची भाकरी घरोघरी, त्यामुळे निभावलं. दोन वर्षांत हिमोग्लोबिन ११.८ वर आलं, शाळेच्या उंचीनुसार लावलेल्या रांगेत पोरगी चार जणींच्या मागे सरकली.

तरी महिन्यातून दोन-तीनदा पोट दुखायचंच. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय, शोधा. आम्ही शोधलं, म्हणजे मला तसं वाटलं. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली की पीठ वाया, म्हणून दळण घरीच सुरू केलं. भाजणीत गहू असतो म्हणून विकतचं थालीपीठ बंद. सत्यनारायणाचा शिरा तिच्यापुढून उचलून नेला, त्यावरून नातेवाइकांची बोलणी खाल्ली. एवढं करूनही दुखतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं की गव्हाखेरीज आणखी काही तरी तिला सोसत नसणार. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर शिबिराचा फलक आला.

पुढचं तुम्हाला पाठच असेल. मंगल कार्यालय, पांढरे कोट, बरे झालेल्यांचे व्हिडिओ, 'मूळ किंमत २६,०००, आजच्या दिवस १८,५००'. बोटाला टोचून थेंबभर रक्त आणि त्यात २१० पदार्थांचा निकाल. पण मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हेही वाचा. मी सरळ विचारलं होतं, 'मुलीला सिलिॲक आहे, ही टेस्ट चालते ना?' मॅडम म्हणाल्या, 'सर, अशा मुलांसाठीच तर आहे ही.' तेव्हा बायकोनं माझा शर्ट मागून ओढला होता. मी लक्ष दिलं नाही.

अठरा दिवसांनी गुळगुळीत कागदाची चौतीस पानी फाइल आली. लाल म्हणजे बंद, पिवळं म्हणजे जपून, हिरवं म्हणजे बिनधास्त. लाल यादी मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचली. ज्वारी, तांदूळ, शेंगदाणे, तूरडाळ, अंडं, केळं, दूध. हिरव्यात गहू, बार्ली आणि राय हे गव्हासारखंच परदेशी धान्य. बायको म्हणाली, 'ही तर आपल्या फडताळाचीच यादी झाली.' आणि मी हसलो. हसून म्हणालो, 'पोरगी रोज काय खाते ते बघून बनवलाय वाटतं रिपोर्ट.'

त्या क्षणी सगळं माझ्या तोंडातूनच बाहेर पडलं होतं. रोजचं ताट लाल, दोन वर्षांत जिभेला न लागलेलं सगळं हिरवं. बँकेत पासबुकात असा योगायोग दिसला असता तर मी व्यवहार तिथल्या तिथे थांबवला असता. घरात मात्र विनोद केला आणि पान उलटलं.

का उलटलं? कारण मॅडमनी फोनवर सांगितलं, 'आतडं बरं झालंय सर, गहू आता चालेल, अर्ध्या चपातीपासून सुरू करा.' मला तेच ऐकायचं होतं. मुलीनं 'पप्पा, खरंच?' विचारलं. तूप-गूळ लावून चपातीची गुंडाळी करून दिली, ती तिनं पुरवून पुरवून खाल्ली. आईनं देवाजवळ साखर ठेवली. ज्या बापानं हे पाहिलंय त्यानंच मला मूर्ख म्हणावं.

अकरा आठवडे ती गहू खात होती. दुसऱ्या महिन्यात जुलाब सुरू झाले. मॅडम म्हणाल्या, 'शरीर डिटॉक्स होतंय, पावडर चालू ठेवा, हवं तर फेरतपासणी करू.' ती ९,२५० ची. दुसऱ्या रिपोर्टमध्ये आम्ही बंद केलेली ज्वारी पिवळी झाली होती आणि रोज पोटात जाणारा गहू लाल. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. यंत्र बहुधा खोटं बोलत नव्हतं. ते फक्त पोरीनं काय खाल्लं ते सांगत होतं, आणि ते मला फुकटात माहीत होतं.

नंतर रात्री जागून वाचलं. ही टेस्ट आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते. एखादा पदार्थ शरीराच्या ओळखीचा झाला की ही बनतात, निरोगी माणसातही. ॲलर्जी तज्ज्ञांच्या युरोपातल्या संघटनेनं २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. म्हणजे शिबिराच्या कितीतरी आधी! टीटीजी वेगळी, तिथे शरीर स्वतःवरच उलटलंय का ते दिसतं. आणि सिलिॲकचा संशय असेल तर तपासणीआधी मनानं गहू सोडू नका, सोडलात तर टीटीजीही फसवी येऊ शकते. दूध पचतं का हे बघायला श्वासातला हायड्रोजन मोजतात. बाकीच्यासाठी वही, पेन आणि आहारतज्ज्ञ. एक पदार्थ थांबवायचा, नोंद करायची, पुन्हा द्यायचा. कंटाळवाणं आहे, म्हणूनच त्याचं शिबिर भरत नाही.

मिरजेला गेलो तर डॉक्टर माझ्याकडे न बघता मुलीशीच बोलले. टीटीजी पुन्हा कितीतरी पटीनं वर, हिमोग्लोबिन १०.४, वजन दोन किलोनं कमी. सिलिॲक बरा होत नाही, आतडं बरं होतं, तेही गहू बंद आहे तोवरच, एवढं एक वाक्य माझ्यासाठी. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं गव्हाचा हा संबंध १९५० मध्ये प्रबंधात मांडला होता. सत्तर वर्षांहून जुनी गोष्ट मी एका रंगीत फाइलीसाठी मोडीत काढली होती. मग डॉक्टरांनी विचारलं, 'फोडणीत हिंग कुठला?'

हिंग. घरी येऊन डबी उलटी केली. डिंक, मैदा, हिंग. नुसता हिंग उग्र म्हणून त्यात पीठ मिसळतात, बहुतेकदा गव्हाचं. तांदळाच्या पिठाचाही मिळतो. तीन वर्षं रोजच्या आमटीतून चिमूट चिमूट मैदा जात होता. डबीची किंमत ६५ रुपये, आणि छापलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. तुमच्या घरात सिलिॲक असेल तर आधी जाऊन ती डबी बघा.

आता दाद मागण्याची गोष्ट. पोलिसांकडे गेलो. 'पैसे तुम्हीच दिले ना? रिपोर्ट मिळाला ना? मग फसवणूक कुठली, हे सिव्हिल मॅटर.' अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या एका कार्यालयात पावडरचा डबा घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघून सांगितलं, हे अन्न आहे, आजार बरा करतो असं लेबलवर कुठे लिहिलंय? मी म्हणालो, तोंडी सांगितलं. 'तोंडी सांगितलेलं आम्ही कसं जप्त करणार?' रक्ताच्या रिपोर्टचं विचारलं तर तो त्यांच्या अखत्यारीत नाही. डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या ठिकाणी कळलं की मॅडम डॉक्टरच नाहीत, सबब त्यांच्यावर कारवाई होत नाही. हे मी तीनदा वाचलं. डॉक्टर असत्या तर कारवाई झाली असती, डॉक्टर नाहीत म्हणून मोकळ्या! एका हेल्पलाइनवर शिबिर भरवणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली, नऊ दिवसांनी मेसेज आला: 'कंपनीनं सेवा दिल्याचं कळवलं आहे, तक्रार निकाली.' कंपनीला विचारून कंपनीची तक्रार निकाली. सहा खेपा, चार अर्ध्या रजा, झेरॉक्सचे २१२ रुपये. एकानंही मुलगी कशी आहे विचारलं नाही. हो, एका शिपायानं विचारलं. त्याच्या पुतण्याला तोच आजार आहे.

बिल नीट बघा, पैसे देण्याआधी. माझ्या बिलावर 'वेलनेस सेवा' लिहिलंय, टेस्ट हा शब्दच नाही. चौतिसाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय की हा अहवाल आजाराच्या निदानासाठी नाही. ते पान आधी मागा. देत नसतील तर उठून या. सल्ला फोनवर देत असतील तर तोच लेखी मेसेजवर मागा, माझ्याकडे 'गहू चालेल' हे लेखी नाही आणि वकील तिथेच अडलेत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं असतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी अर्ज केलाय. मागच्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला, आजी-आजोबांच्या टेस्टवर तीस टक्के सूट.

पोरीची टीटीजी पुन्हा उतरतेय. तूप-गुळाची चपाती ती मागत नाही, आईनं विषय काढला तर उठून जाते. किराणा आणायला बरोबर येते. मी डबीची मागची बाजू वाचून 'चालेल' म्हणालो तरी डबी माझ्या हातातून काढून घेते आणि स्वतः वाचते.