लहान महाविद्यालयीन शहरातील खासगी वसतिगृह : चार सत्रांच्या वास्तव्यानंतर

ज्या शहराचे सारे व्यवहार महाविद्यालयाभोवती फिरतात, तेथील वसतिगृहाची पारख खोलीच्या चार भिंतींपुरती करून भागत नाही, कारण खोलीबरोबर त्या शहराचे वेळापत्रकही आपल्या वाट्याला येते. अशाच एका खासगी वसतिगृहात मी चार सत्रे काढली.

सर्वांत जमेची बाजू म्हणजे अंतर. वर्ग, ग्रंथालय आणि दवाखाना हे सारे 2 किलोमीटरच्या आत, म्हणजे साधारण चालीने 25 मिनिटांवर आणि सायकलने त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात गाठता येत असल्याने दोन तासिकांच्या मधल्या वेळेत खोलीवर येऊन डुलकी काढणे शक्य होते, आणि आधी काही न ठरवताही संध्याकाळी चार मित्र जमतात. याच जवळिकीची दुसरी बाजू अशी की, येथे कोणीही अनोळखी राहत नाही. सकाळच्या तासाला दांडी मारावी आणि दुपारी दुकानाच्या रांगेत नेमके तेच प्राध्यापक मागे उभे असावेत, हा प्रसंग माझ्यावर एकदा नव्हे, तीनदा आला. (तिसऱ्या वेळी त्यांनीच विषय काढला नाही, हे अधिक लागले.)

खोली हवेशीर आणि स्वच्छ होती, त्याबद्दल तक्रार नाही. इंटरनेटबद्दल मात्र आहे. एकाच जोडणीवर संपूर्ण इमारत चालत असल्याने रात्री 9 नंतर वेग इतका मंदावे की, मोठ्या फाइली पहाटे उठून उतरवून घ्याव्या लागत. त्यातही वाय-फायची 5 गिगाहर्ट्झची वेगवान लहर भिंतींपलीकडे लवकर क्षीण होते, म्हणून टोकाच्या खोलीत केवळ 2.4 गिगाहर्ट्झच्या संथ लहरीवरच समाधान मानावे लागे. खोली निवडताना खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा राउटर कोठे बसवला आहे, हे आधी पाहावे.

खरी कसोटी सुट्टीत लागते. सत्र संपताच शहर ओस पडते, बसच्या फेऱ्या घटतात, दुकाने लवकर बंद होतात आणि प्रकल्पासाठी मागे राहिलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना रिकाम्या इमारतीत दिवस काढावे लागतात. त्या काळात आमची खाणावळ बंद होती, साफसफाई आठवड्यातून एकदाच होत होती, तरीही व्यवस्थापनाने शुल्क पूर्ण महिन्याचे आकारले. पावतीवर सेवांची यादी छापलेली असूनही या शुल्काबाबतच्या माझ्या अर्जाला उत्तर मिळाले नाही.

खोली सोडताना गादीवरील जुन्या डागापोटी अनामत रकमेतून कपात सुचवण्यात आली. प्रवेशाच्या दिवशीच गादीची, भिंतींची आणि वीजमीटरवरील आकड्याची छायाचित्रे मी काढून ठेवली होती. ती दाखवल्यावर पूर्ण रक्कम परत मिळाली, परंतु त्यासाठी तीन स्मरणपत्रे पाठवावी लागली.