सरनोबत की सरनौबत?

गडावर माहितीफलक लावायचा असो, व्याख्यानाची पत्रिका छापायची असो की घराण्याचा इतिहास टाइप करायला घ्यायचा असो, शिवकालीन फौजेच्या प्रमुखाचा हा हुद्दा आडवा येतोच. नेताजी पालकर सरनोबत की सरनौबत? दोन्ही रूपं छापील पुस्तकांत आहेत आणि दोन्हींसाठी हमरीतुमरीवर येणारी माणसंही आहेत. मजकूर तपासताना एकाच पानावर वर ‘ओ’ आणि खाली ‘औ’ असंही पाहायला मिळतं. त्याची बाजू मात्र कुणालाच घेता येणार नाही.

आधी ‘सरनौबत’चं ऐकू, कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, म्हणून प्रमुख. ‘नौबत’ म्हणजे पाळी, पहारा आणि ठरल्या वेळी वाजणारा मोठा नगारा. दख्खनच्या सुलतानी राज्यांतला हा हुद्दा मराठी राज्यात आला आणि फौजेच्या प्रमुखाला लागला. बरं, ‘नौबत’ हा शब्द काही मेलेला नाही. नगारखान्यात नौबत झडते आणि महिनाअखेरीस उसनवारीची नौबतही येते, दोन्ही ‘औ’नेच. मग तोच शब्द ‘सर’ला चिकटल्यावर त्याची एक मात्रा का उडावी? प्रश्न रास्त आहे. शिवाय ‘सरनौबत’ लिहिलं की अर्थ समोर दिसतो. शाळेच्या मुलांना समजावताना याचा उपयोग होतो.

‘सरनोबत’वाल्यांकडे व्युत्पत्ती नाही, वहिवाट आहे. मराठीत ती हलकी मानायचं कारण नाही. फारसी ‘नौकर’ हिंदीत नौकरच राहिला, आपल्याकडे नोकर झाला, आणि मुळाकडे बोट दाखवून कुणी नोकरीच्या अर्जावर ‘नौकरी’ लिहीत नाही. ‘लष्कर’ तर आणखी मजेशीर आहे. फारसीत पोटफोडा ‘ष’ नाहीच, तिथला शब्द ‘लश्कर’. तरी पुण्यात लष्कर पोलीस ठाण्याच्या पाटीवर तो ‘ष’ ठाण मांडून बसलाय आणि त्यावर वाद घातलेला कधी कानावर येत नाही. मुळाबरहुकूम लिहायचं ठरवलं, तर सरनौबतांच्या हाताखाली लश्कर आणि सिपाहीच द्यावे लागतील. ही तयारी असलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

माझा कौल त्यामुळे ‘सरनोबत’ला. आजच्या मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहीत असाल, तर हेच रूप घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. व्युत्पत्ती सांगायचीच असेल, तर पहिल्या उल्लेखाला कंसात ‘मूळ सर-नौबत’ एवढं पुरे. कुणी हट्टाने ‘सरनौबत’ लिहिलं आणि सगळीकडे तेच ठेवलं, तर मी लाल पेन उचलणार नाही.

आडनावाला मात्र हा निवाडा लागू नाही. तिथे माणूस स्वतः लिहितो तेच शुद्ध. २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्णपदक जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबतच. तिच्या नावावर ‘औ’ चढवणं हा शुद्धलेखनाचा आग्रह नव्हे, आगाऊपणा झाला. तुमच्या वंशावळीत जुन्या कागदावर एक रूप आणि आजच्या आधार कार्डावर दुसरं असेल, तर दोन्ही जशीच्या तशी द्या.

मोडी कागदाचं लिप्यंतर करत असाल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. मोडी लिहिताना कारकून ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, हे खरं; पण एक मात्रा की दोन, हे बहुधा दिसतं. जे दिसेल ते उतरवा. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांतही ही सोय आहे: विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्यातले उतारे मुळानुसार छापावेत. म्हणजे अवतरणात ‘सरनौबत’ आणि त्याखालच्या तुमच्या विवेचनात ‘सरनोबत’ असं आलं, तर ती विसंगती नव्हे. अवतरण मात्र सुधारू नका.

कटकट नको म्हणून काही जण तिसरी वाट धरतात आणि सरळ ‘सेनापती’ लिहितात. इथे जरा सांभाळा. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत नावं मिळाली: पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सरनोबत सेनापती झाला. अष्टप्रधानांतले हंबीरराव मोहिते म्हणूनच बिनदिक्कत सेनापती. नेताजी पालकर किंवा त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीला पडलेले प्रतापराव गुजर यांचा काळ मात्र त्याआधीचा. त्यांच्या नावामागे हुद्दा म्हणून सरनोबतच हवं. त्यातून घोडदळाचा सरनोबत वेगळा, पायदळाचा वेगळा. येसाजी कंक पायदळाचे. आणि गडोगडी आणखी एक सरनोबत असायचाच. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे ठेवलेले, म्हणजे एकाच्या मनात आलं म्हणून गड शत्रूच्या हाती जायला नको. गडावरच्या फलकावर या माणसाला ‘सेनापती’ केलंत, तर प्रत्येक किल्ल्यावर एकेक सेनापती उभा राहील.

स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा स्वार ‘शिलेदार’ की ‘सिलेदार’, हाही प्रश्न याच रांगेतला, पण त्यात फारसं अडण्यासारखं नाही. मूळ शब्द ‘सिलाहदार’, म्हणजे हत्यारबंद. ‘सि’चा ‘शि’ करणं ही आपल्या जिभेची सवय आहे: सिपाही शिपाई झाला, सिक्का शिक्का झाला. ‘शिलेदार’ लिहा. आधुनिक मजकुरात ‘सिलादार’ किंवा ‘सिल्लेदार’ दिसलं, तर ते इंग्रजीतून परत आलं असावं असा संशय घ्यावा. इंग्रजांच्या घोडदळातही स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वारांची ही पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली, आणि त्यांच्या कागदांतलं रोमन स्पेलिंग कुणीतरी अक्षर लावून मराठीत उतरवतं.

शेवटी छपाईतली एक अडचण. संगणकावर ‘सरनोबत’ शोधलं की ‘सरनौबत’ सापडत नाही. पुस्तकाला सूची जोडणार असाल, तर दोन्ही नोंदी ठेवा आणि ‘सरनौबत’पुढे ‘पाहा: सरनोबत’ एवढं छापा.